आत माणूस आहे

१

बंद दार उघडण्याआधी खाकरायचं, हा आमच्या कामातला पहिला धडा. टकटक करायची नाही. टकटकीने आतला माणूस दचकतो, आणि मोठी माणसं दचकली की त्यांना राग येतो. त्यापेक्षा बादली खाली ठेवावी, घसा साफ करावा आणि कान द्यावा. आत कोणी असेल तर तोही खाकरतो. त्याचा अर्थ, आत माणूस आहे, नंतर या. काहीच ऐकू आलं नाही तर दार ढकलायचं. संडास असो नाहीतर मीटिंगची खोली, नियम एकच. ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की घरी न्हाणीघराच्या दाराशीही मी खाकरते, आणि आमचे हे आतून ओरडतात, "अगं, ऑफिस नाही, घर आहे हे!"

मी आणि माझी धाकटी जाऊ एकाच इमारतीत सफाईला होतो. जावा-जावा म्हटलं की लोकांना उखाळ्यापाखाळ्या ऐकायच्या असतात, पण आमच्यात तसं काही नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, एका म्यानात दोन तलवारी कशा राहायच्या? पण तलवार एकच होती, ती मी. धाकटी म्हणजे नुसतं तोंड. दिवसभर चालू. कामावर मीच तिला लावून दिलं होतं, आणि तिच्याशिवाय ते काम मला एक दिवसही गोड लागलं नसतं.

इमारत रेकॉर्डिंगची. वर ऑफिसं आणि खाली तळघरात स्टुडिओच्या खोल्या. प्रत्येक खोलीला एकामागे एक अशी दोन जाड दारं, आणि बाहेरच्या दारावर लाल दिवा. भिंतींना खालपासून वरपर्यंत कापसाच्या गाद्या मारलेल्या, त्यावर करडं कापड. आत शिरलं की कान कोणीतरी हातांनी झाकल्यासारखं वाटतं. तिथली यंत्रं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना आम्ही साउंडवाले काका म्हणायचो. ते मोठ्या अभिमानाने सांगायचे, "इथे आवाज जातो, पण परत येत नाही. ही खोली सगळ्यांचं ऐकते आणि कुणाला काही सांगत नाही. अशी बायको मिळायला भाग्य लागतं."

तीन नंबरच्या खोलीत एसीचं पाणी भिंतीत मुरलं होतं. गाद्यांवर आधी हिरवट डाग आले, मग काळे ठिपके, मग त्या ठिपक्यांना लव फुटली. आत ओल्या गोणपाटासारखा वास यायचा. पण गाद्यांना पाणी लावायची सक्त मनाई. पाणी लागलं की कापूस बसतो आणि खोली बिघडते. म्हणून धाकटी रोज दुपारी खोली रिकामी झाली की कोरडा ब्रश घेऊन भिंती झाडायची. काळी भुकटी उडायची, दिव्याखाली तरंगत राहायची, आणि दुसऱ्या दिवशी भिंत पुन्हा होती तशी.

झाडून झालं की धाकटी मधल्या बंद माइकसमोर बसायची आणि बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज काढायची. "नमस्कार. ठळक बातम्या. थोरल्या जाऊबाईंच्या गुडघ्याने पुन्हा बंड पुकारले आहे. सुपरवायझर साहेबांनी आज चक्क एकदा हसून दाखवले." मी दारात उभी राहून पोट धरून हसायची, आणि ते हसूसुद्धा तोंडातून निघाल्याबरोबर विझून जायचं.

२

धाकटीचा खोकला कधी सुरू झाला ते नेमकं सांगता येत नाही. फरशी धुवायच्या पावडरने ठसका लागला असेल असं वाटलं. मग संध्याकाळी घरी आल्यावर तिला थंडी वाजायची, अंग तापायचं, जिना चढताना ती मध्येच कठड्याला धरून उभी राहायची. सुट्टी आली की मात्र ठणठणीत. पुन्हा कामावर गेली की संध्याकाळी तेच. माझे दीर म्हणाले, "कामाची ॲलर्जी आहे तिला." सगळे हसले. तीही हसली, आणि हसता हसता तिला इतका खोकला आला की ओठ निळसर पडले. मग कोणी हसलं नाही.

तो खोकला मी झोपेतही ओळखला असता. दोन कोरडे ठसके, मग एक लांब ओढलेला, आणि शेवटी 'हं' असा हुंकार. जणू कोणी हाक मारली आणि तिने ओ दिली.

मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "काम काय करता?"

"सफाई," मी म्हणाले.

"यांना बोलू द्या. तिथे कुठे बुरशी आहे?"

"आहे की," धाकटी म्हणाली. "पण मी रोज झाडते ना."

"कशाने?"

"कोरड्या ब्रशने. पाणी लावायचं नाही म्हणतात."

डॉक्टरीणबाईंनी फोटो खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही ती रोज हवेत पेरता, आणि तिथेच उभ्या राहून आत घेता. ही धूळ डोळ्यांना दिसते त्याहून कितीतरी बारीक असते. तुमची फुप्फुसं तिच्याशी भांडून सुजली आहेत. असंच चाललं तर ती कडक होतील, आणि एकदा कडक झाली की परत मऊ होत नाहीत. मी गोळ्या देते, पण खरं औषध एकच. त्या खोलीत पाय ठेवायचा नाही."

मी सुपरवायझरकडे गेले. गाद्या काढून टाका म्हणाले. त्याने वरती बोलतो म्हणून सांगितलं. "तोवर तीन नंबर कोणीतरी करायला हवा, मावशी," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत राहिला.

"मी करते," मी म्हणाले. धाकटी बरी होऊन तशीच तोंडाळ परत यावी, आणि तिने त्या खोलीचा उंबरठा पुन्हा ओलांडू नये, यापलीकडे मला काही नको होतं. त्यासाठी मी खोलीशी दोन हात करायला तयार होते.

३

नाकाला जाड फडका बांधून मी तीन नंबरपाशी गेले. कोरडा ब्रश नेलाच नाही. बादलीत ओला फडका लपवला होता, म्हटलं बिघडली खोली तर बिघडू दे. बाहेरचं दार उघडलं, आतल्या दारापाशी बादली ठेवली आणि खाकरले.

आतून कोणीतरी खाकरलं.

लाल दिवा विझलेला होता, पण लोक दिवा लावायला विसरतात. मी बादली उचलली, बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. हातातली कामं आठवत बसले, दुसऱ्या खोल्या करून घ्याव्यात का याचा विचार केला. बराच वेळ गेला. कोणी बाहेर आलं नाही. साउंडवाले काका चहाचा कप घेऊन समोरून आले.

"जिन्यावर का बसलात?"

"तीन नंबरला आत माणूस आहे."

"तीन नंबरला? सकाळपासून कोणी नाही. त्या वासाने कोण येतंय?" त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि दोन्ही दारं ढकलली. खोली रिकामी होती. एक खुर्ची, एक टेबल, माइकची मान खाली वाकलेली. बाकी चारी बाजूंनी गाद्या.

"माझाच आवाज परत आला असेल," मी म्हणाले.

काकांना ते फार लागलं. "परत? या खोलीतून?" त्यांनी मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवली. ती वाजल्यासारखी दिसली, एवढंच. "बघा. आला का परत?"

"मग कोण खाकरलं?"

काकांनी छताकडे बोट केलं. एसीच्या नळीतून वरच्या मजल्यावरच्या कोणाचा खोकला आला असेल, असं आमचं दोघांचं ठरलं. नळी खरोखरच होती, तिच्या जाळीवर काळी साय धरलेली होती. मला ते पटलं. पटवून घेतलं असंही म्हणता येईल. मी ओल्या फडक्याने भिंत पुसायला लागले. लव निघायची, डाग उरायचा. पुसताना एक गोष्ट लक्षात आली, की सगळ्यात दाट बुरशी जमिनीलगत नव्हती आणि छतालाही नव्हती. माइकसमोरच्या खुर्चीत बसलं तर तोंडासमोर जी गादी येते, तिच्यावर होती. पाणी कुठूनही झिरपतं, मी मनाला सांगितलं.

४

घरी मात्र आनंदीआनंद होता. कामावरून घरी बसल्यावर काही दिवसांतच धाकटीचा खोकला गेला. कमी होत होत नाही गेला, एकदम थांबला. ताप नाही, थंडी नाही. जिना चढली तरी धाप नाही. दीर खुशीत होते. "आता घरात कसं शांत वाटतं," म्हणाले.

शांत होतंच. धाकटी बोलायची कमी झाली. विचारलं तर उत्तर द्यायची, "हो ताई," "नको ताई," एवढंच. आजारातून उठलेलं माणूस, अंगात शक्ती यायला वेळ लागणार, असं मी धरून चालले. मला खटकलं ते दुसरंच. आम्ही दोघी घरातसुद्धा खाकरून आत शिरायचो, ती तर मुद्दाम सुपरवायझरसारखं खाकरून मला घाबरवायची. आता ती न खाकरताच येत होती. मी स्वयंपाकघरात वळले की ती मागे उभी असायची. पावलाचा आवाज नाही, बांगडीचा नाही.

एकदा माझ्या हातून परात निसटली. ती फरशीवर आदळली आणि सगळं घर दणाणलं. "लागलं का ताई?" धाकटी म्हणाली, आणि मी परात उचलायची थांबले. परातीचा आवाज भिंतींना आपटून अजून घुमत होता. धाकटीचा आवाज तोंडापाशीच संपला. आमच्या स्वयंपाकघराला कुठे गाद्या मारल्या होत्या? मी तिला म्हणाले, "पुन्हा बोल बघू."

"काय बोलू?"

तसंच. अगदी जवळून आल्यासारखं आणि कुठेच न पसरणारं. मी कानात बोट घालून हलवलं. माझ्याच कानांना दडे बसले असतील. दिवसभर त्या खोलीत राहून कानांना तीच सवय लागली असेल. तिच्या केसांना ओल्या गोणपाटाचा वास आला, तोही माझ्याच कपड्यांचा असणार. मला राग आला, कोणावर ते कळेना.

तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नळी तिच्या छातीला लावली, पाठीला लावली. मग नळीच्या टोकावर बोट आपटून पाहिलं आणि परत लावली. "छाती एकदम साफ आहे," त्या म्हणाल्या. "इतकी साफ की..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं आणि माझ्याकडे वळल्या. "तुमचा चेहरा का असा दिसतोय? तुम्हाला खोकला आहे?"

मला होता. संध्याकाळी थोडी कणकणही यायची. त्यांनी मला खूप झापलं.

५

रोज दुपारी आतल्या दाराशी उभं राहिलं की माझा घसा आपोआप साफ व्हायचा. मी तो दाबायचा प्रयत्न केला. पण जन्मभराची सवय, शिंक दाबावी तशी ती दुसरीकडून बाहेर पडते. खाकरले की आतून उत्तर यायचं. सुरुवातीला मी थांबायची, मग हळूच दार उघडायची. आत कोणी नसायचं. वरच्या मजल्यावरच्या कोणाला तरी जुनाट खोकला आहे, दुसरं काय?

एके दिवशी मी वर जाऊन बघूनही आले. तीन नंबरच्या बरोबर डोक्यावर सामानाची खोली होती. मोडक्या खुर्च्या, गुंडाळलेल्या वायरी. तिथे खोकायला चिटपाखरूही नव्हतं.

त्या दुपारी मी खाकरल्यावर लगेच उत्तर आलं नाही. मी दारावर हात ठेवला. तेवढ्यात आतून आलं. दोन कोरडे ठसके. मग एक लांब ओढलेला. मग 'हं.'

 पहिला विचार आला तो असा, की ही बया घरून पळून इथे आली. डॉक्टरीणबाईंनी सांगून, मी हातापाया पडून, शेवटी आलीच. मी दार ढकलून आत गेले ते ओरडतच. "अक्कल गहाण टाकलीस का गं?" खुर्ची रिकामी होती. मी टेबलाखाली वाकून पाहिलं. माझं ओरडणं कुठेच राहिलं नव्हतं.

बाहेर येऊन मी घरी फोन केला. दीरांनी उचलला. धाकटी समोर बसून डाळ निवडते आहे म्हणाले.

"तिला काही होतंय का?"

"नाही. छान आहे. वहिनी, तुम्हीच दमल्यासारख्या बोलताय."

साउंडवाल्या काकांना मी सांगितलं, पण अर्धंच. ते काही हसले नाहीत. कपात बघत म्हणाले, "तुमच्या जाऊबाई तिथे बसून बातम्या द्यायच्या, मला ठाऊक होतं. मी कधी बोललो नाही. छान द्यायच्या." कप खाली ठेवून म्हणाले, "कापूस आवाज खातो म्हणतात. खातो म्हणजे काय करतो, ते मलाही कधी कळलं नाही." मग त्यांनाच ते बोलणं वेडगळ वाटलं असावं, कारण घाईने म्हणाले, "तुम्हाला ताप आहे. घरी जा."

ताप होताच. तापात माणसाला काय काय ऐकू येतं. मी लहान असताना तापात भिंतीवरचं कॅलेंडर माझ्याशी बोललं होतं. हे सगळं मी स्वतःला समजावलं, आणि समजावून झाल्यावर लक्षात आलं की मी दाराला कान लावून उभी आहे.

६

अखेर वरून होकार आला. गाद्या काढणारी माणसं येणार होती. आदल्या दिवशी तीन नंबरची एसी बंद करून ठेवली, सामान हलवायचं म्हणून माइक आणि खुर्चीही बाहेर काढली. मी शेवटचा केर काढायला गेले. खाकरले नाही. तोंडावर हात घट्ट दाबून आत शिरले.

माइकसमोरची ती गादी एका कोपऱ्यातून सुटली होती. कापड ओघळून खाली लोंबत होतं. मी ते बाजूला केलं. आत कापूस म्हणून काही उरला नव्हता. करडं-काळं, मऊ, मांजराच्या पाठीसारखं काहीतरी भिंतीला धरून होतं. मी बघत होते आणि ते थोडं वर आलं. मग खाली बसलं. मग पुन्हा वर आलं.

एसी बंद होती. दारं बंद होती. मी माझा श्वास रोखून धरला, म्हटलं माझंच डोकं हलतंय, माझ्याच श्वासाबरोबर ते हलल्यासारखं दिसतंय. मी श्वास धरून उभी होते आणि ते सावकाश वर येत होतं, खाली बसत होतं. मध्येच अडखळायचं, थोडं थरथरायचं, मग पुन्हा सुरू. जिना चढून मध्येच उभं राहिलेल्या माणसाचं व्हायचं तसं. मला त्याची भीती वाटायला हवी होती. मला आली ती कीव. मी कापड पुन्हा वर ओढलं आणि कोपरा खोचून ठेवला, पांघरूण घालतात तसं.

घरी आले तर धाकटी दुपारची झोपली होती. मी तिच्या उशाशी बसले. अंगावरची चादर हलते का ते बघत राहिले. पंखा चालू होता, चादरीची कड उडत होती, काही नीट कळेना. मी पंखा बंद केला. हात तिच्या नाकाजवळ नेला. तळहाताला घाम आला होता, त्यामुळे त्यालाही काही कळेना. तेवढ्यात तिने डोळे उघडले. झोपेतून जागं होताना माणूस जसं चुळबुळतं तसं नाही. नुसते उघडले.

"काय ताई?"

"काही नाही." काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "उद्या तिथल्या गाद्या काढतायत. सगळं जाळून टाकणार म्हणे."

कितीतरी दिवसांनी धाकटी हसली. दात दिसले, हसण्याचा आवाज आला नाही. "बरं होईल," ती म्हणाली. "मुळापासून काढायला सांगा, ताई. काही ठेवू नका म्हणावं."

मी तरी इतके दिवस दुसरं काय मागत होते? तिच्या तोंडून ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

७

ती माणसं सकाळी आली. पायापासून डोक्यापर्यंत पांढरे कपडे, तोंडाला नळकांडी लावलेले मास्क. चंद्रावर निघाल्यासारखी. आम्हाला इतकी वर्षं नाकाला बांधायला एक फडकासुद्धा मिळाला नव्हता. त्यांचा मुकादम तेवढा मास्क गळ्यात अडकवून उभा होता. त्याने मला बघितलं आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही वर जा. ही हवा वाईट."

"मला ठाऊक आहे," मी म्हणाले, आणि जागची हलले नाही.

त्यांनी आधी आत जाऊन खोली बघितली, मग आतलं दार ओढून घेतलं आणि बाहेरचं उघडून अडकवून ठेवलं. एकाने पहार घेतली, एकाने जाड पिशव्यांची गुंडाळी उलगडली.  हे व्हावं म्हणून मी सुपरवायझरच्या मागे हात धुऊन लागले होते. धाकटी बरी होती, घरी होती, डॉक्टरीणबाईंनी छाती साफ म्हणून सांगितलं होतं. आणि तरी ती पहार बघून मला वाटत होतं की कोणीतरी माझ्या माणसाच्या छातीवर ती टेकवतंय. यातलं खरं कोणतं? विचारायचं तरी कोणाला?

"जरा थांबा," मी म्हणाले. "एक फोन करते."

"आत्ता?"

"आत्ताच."

तळघरात फोनला नीट आवाज येत नाही, म्हणून मी स्पीकर लावला. फोन धाकटीनेच उचलला. उचलल्याचं कळलं, पण 'हॅलो' आलं नाही.

"धाकटे? मी बोलतेय गं."

काही नाही.

"बोल ना काहीतरी. एक शब्द बोल. बातम्या दे."

पलीकडे कोणी तरी फोन कानाला धरून उभं होतं. रिकाम्या फोनची खरखर वेगळी असते, ही तशी नव्हती. मी फोन तोंडाजवळ धरला. आणि बंद दारापाशी आयुष्यभर जे केलं तेच त्या फोनपाशी माझ्याकडून झालं. मी खाकरले.

उत्तर आलं. दोन कोरडे ठसके, मग एक लांब ओढलेला, तुटत तुटत, दमलेला. मग 'हं.'

ते फोनमधून आलं नाही. माझ्या पाठीमागून, आतल्या दारापलीकडून आलं.

मुकादम माझ्याकडे बघत होता. "मावशी, किती खोकताय. म्हणून सांगतोय, वर जा."

"मी नाही खोकले."

"मग कोण?"

मी फोन तसाच हातात धरला आणि आतल्या दाराला पाठ लावून उभी राहिले. दारालाही गादी होती. तिची ऊब माझ्या पाठीला लागत होती. पहारवाला माणूस दोन पावलं पुढे आला, माझा चेहरा बघून थांबला.

"दार उघडू नका," मी म्हणाले. "आत माणूस आहे."

"आत कोणी नाही. आम्ही आत्ताच बघून आलो. कोण आहे आत?"

"माझी जाऊ."

मुकादमाने माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. त्यावर धाकटीचा फोटो होता, माइकसमोर बसून हसतानाचा, मीच काढलेला. खाली फोन चालू असल्याची खूण दिसत होती.

"मग फोनवर कोण आहे?" त्याने विचारलं.

मी फोन कानाला लावला. पलीकडे कोणीतरी माझं बोलणं ऐकत होतं, एवढं मला कळत होतं. मी खूप वेळ कान देऊन उभी राहिले. श्वासाचा आवाज येत नव्हता.